शब्दाची गल्लत म्हणजे जबाबदारीची गल्लत



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की निवृत्त फौजी माणूस शब्दांवर काय बोलणार? त्याला 'येस सर' आणि 'नो सर' पलीकडे काय ठाऊक? पण फौजेत शब्दांची जितकी काळजी घेतली जाते तितकी फार थोड्या ठिकाणी घेतली जात असेल. कारण सरळ आहे. तिथे शब्द चुकला तर माणसं चुकीच्या टेकडीवर जातात.

मी भाषेचा पंडित नाही, साधा पदवीधर आहे. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायला आलेलो नाही. मला बोलायचं आहे ते कामकाजाच्या लिहिण्यात एकमेकांच्या जागी जाऊन बसणाऱ्या शब्दांबद्दल. ऑफिसचं पत्र, दुकानाचं बिल, बँकेचा फॉर्म, सोसायटीची नोटीस यांतल्या शब्दांबद्दल. ही मालिका ऐकणारे तुम्ही कोणी इंदूरला आहात, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला, कोणी बेळगावात. घरी मराठी, बाजारात हिंदी किंवा तिथली भाषा, ऑफिसात इंग्रजी. तीन भाषांत वावरणाऱ्या माणसाकडून गल्लत व्हायची शक्यताही तिप्पट. म्हणून हा विषय आपला आहे.

सुरुवात वायरलेसपासून करतो. सिनेमात नायक वायरलेसवर म्हणतो, 'ओव्हर अँड आउट'. ऐकायला छान वाटतं, पण त्याला अर्थ नाही. 'ओव्हर' म्हणजे माझं बोलणं झालं, आता तुम्ही बोला, मी ऐकतोय. 'आउट' म्हणजे संभाषण संपलं, उत्तर नको. दोन्ही एकदम म्हणणं म्हणजे पाहुण्याला 'या बसा' आणि 'निघा आता' एका दमात म्हणणं.

दुसरी जोडी 'रॉजर' आणि 'विल्को'. 'रॉजर' म्हणजे तुमचा निरोप मिळाला. 'विल्को' म्हणजे मिळाला आणि मी त्याप्रमाणे करणार. पहिल्या शब्दात काम करण्याचं वचन नाही, दुसऱ्यात आहे. आणि 'रिपीट' हा शब्द तर वायरलेसवर जपून वापरायचा. ऐकू आलं नाही म्हणून 'पुन्हा सांगा' म्हणायचं असेल तर 'से अगेन' म्हणायचं. कारण तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे मघाशी जिथे गोळे टाकले तिथेच पुन्हा टाका.

आता हेच ऑफिसात आणा. तुम्ही वरिष्ठांना खर्चाचा प्रस्ताव पाठवला. उत्तर आलं, 'नोटेड'. तुम्ही समजलात मंजूर झालं, आणि माल मागवला. बिल आल्यावर साहेब म्हणाले, मी मंजुरी कधी दिली? त्यांचं खरं आहे. त्यांनी 'रॉजर' म्हटलं होतं, तुम्ही 'विल्को' ऐकलं. मराठीत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत. 'नोंद घेतली' म्हणजे वाचलं. 'शिफारस केली' म्हणजे माझ्या मते द्यावं, पण निर्णय दुसऱ्याचा. 'मंजूर' म्हणजे दिलं. तिन्हींत जबाबदारी वेगवेगळ्या माणसाच्या खांद्यावर आहे. आज मला सांगायचं आहे ते एवढंच. शब्दाची गल्लत झाली की जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, आणि बऱ्याचदा ज्याच्यावर जाते त्याला त्याचा पत्ताही नसतो.

एका शब्दानं किती अनर्थ होतो याचं उदाहरण जगासमोर आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती. धुकं होतं, गर्दी होती, उशीर झाला होता, रेडिओवर दोघांचं बोलणं एकाच वेळी आल्यानं निरोप दबला होता. पण त्यात एक कारण शब्दाचंही होतं. एका विमानाकडून निरोप गेला तो 'आम्ही टेकऑफवर आहोत' अशा अर्थाचा. विमान धावू लागलं होतं. नियंत्रण कक्षाला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी उभं आहे. त्या अपघातानंतर नियम कडक झाला. 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणायचं. एक शब्द एका कामासाठी राखून ठेवला. आपल्याला रोजच्या लिहिण्यात हेच करायचं आहे.

आधी इंग्रजीकडे वळू, कारण ऑफिसात त्याचंच राज्य आहे. इंग्रजीत काही शब्द कानाला सारखे लागतात. 'प्रिन्सिपल' एकच ऐकू येतं, पण एका स्पेलिंगचा अर्थ मुद्दल किंवा प्राचार्य, दुसऱ्याचा तत्त्व. 'ॲश्युअर', 'एन्श्युअर' आणि 'इन्श्युअर' यांचंही तसंच. संगणकातली स्पेलिंग तपासणी इथे बऱ्याच वेळा गप्प बसते, कारण स्पेलिंग बरोबर असतं, शब्द चुकीचा असतो. मग उपाय काय? माझा उपाय मराठीतून जातो. शब्द लिहिण्याआधी मनात त्याचा मराठी प्रतिशब्द म्हणा. ॲश्युअर म्हणजे आश्वासन देणं. एन्श्युअर म्हणजे काम होईलच याची खात्री करणं. इन्श्युअर म्हणजे विमा उतरवणं. मराठीत हे तीन शब्द एकमेकांच्या आसपासही नाहीत. मातृभाषा इथे पहारेकरी म्हणून उभी राहते.

'बाय-मंथली' हा आणखी एक फसवा शब्द. शब्दकोशात त्याचे दोन्ही अर्थ सापडतात. महिन्यातून दोनदा, आणि दोन महिन्यांतून एकदा. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण बाय-मंथली असतं, म्हणजे दर दोन महिन्यांनी. पण तुमच्या पुरवठादारानं 'बाय-मंथली पेमेंट' लिहिलं तर? त्याला पंधरा दिवसांनी पैसे हवेत, तुम्ही दोन महिन्यांची तयारी ठेवलेली. मराठीत 'पाक्षिक' आणि 'द्वैमासिक' म्हटलं की वाद संपला. इंग्रजीत लिहायचंच असेल तर 'दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला' असं सरळ लिहा.

व्यापार करणाऱ्यांसाठी एक जोडी, 'मार्कअप' आणि 'मार्जिन'. शंभर रुपयांची वस्तू तुम्ही सव्वाशेला विकली. नफा पंचवीस रुपये. हा नफा खरेदीवर मोजला तर २५ टक्के, तो मार्कअप. विक्रीवर मोजला तर २० टक्के, ते मार्जिन. भागीदाराला 'पंचवीस टक्के मार्जिन देतो' असं लिहून दिलं आणि मनात मार्कअप धरला, तर दर शंभराच्या विक्रीमागे पाच रुपयांचं भांडण लिहून दिलं. 'एस्टिमेट' आणि 'कोटेशन' यांचंही तसंच आहे. पहिलं अंदाजपत्रक, आकडा बदलू शकतो. दुसरं दरपत्रक, समोरच्यानं ते मान्य केलं की सहसा तुम्ही त्याला बांधील.

आता आपल्या मराठीकडे. 'कारवाई' आणि 'कार्यवाही'. 'माझ्या अर्जावर योग्य ती कार्यवाही व्हावी' म्हणजे अर्ज पुढे सरकवा. 'कारवाई व्हावी' म्हणजे कोणाला तरी शिक्षा करा. एका शब्दानं विनंतीची तक्रार होते. सोसायटीची सभा 'तहकूब' झाली म्हणजे तीच सभा पुढे चालू राहणार, विषयपत्रिका तीच. 'रद्द' झाली म्हणजे संपली, आता नव्यानं नोटीस काढा. सेक्रेटरीनं फळ्यावर चुकीचा शब्द लिहिला की पुढच्या सभेचे ठराव वादात सापडतात.

पैसे देताना तीन शब्द नीट पाहा. 'अनामत' ही परत मिळायची रक्कम. 'ॲडव्हान्स' ही पुढच्या बिलातून वळती होणारी रक्कम. 'इसार' ही सौदा पक्का केल्याची खूण, आणि घेणारा मागे फिरला तर ती बुडू शकते. पावतीवर यांतला कोणता शब्द आहे तेवढ्यावर तुमचे पैसे परत येणार की नाही ते अवलंबून असतं. जमिनीच्या व्यवहारात 'साठेखत' आणि 'खरेदीखत' यांची अशीच गल्लत होते. साठेखत म्हणजे विकण्याचा करार. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार अशा करारानं मालमत्तेत आपोआप हक्क निर्माण होत नाही. मालकी येते खरेदीखतानं. 'घराचे कागद झाले' असं म्हणणाऱ्याला विचारा, कोणते कागद?

आता एक गोष्ट सांगतो. आमच्या युनिटमधून निवृत्त झालेला एक हवालदार, शिस्तीचा, कष्टाळू माणूस. गावी गेल्यावर एका नातेवाइकानं कर्जाच्या कागदावर सही मागितली. 'फक्त साक्षीदार म्हणून सही कर' म्हणाला. फॉर्म इंग्रजीत होता, सहीच्या जागेवर 'श्युरिटी' छापलं होतं. यानं नातेवाइकाच्या शब्दावर सही केली. दोन वर्षांनी त्याच्या नावानं नोटीस आली. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "साहेब, मी पैसे घेतले नाहीत, मी फक्त सही बघितली होती."

त्याला समजावताना मलाच जड गेलं. साक्षीदार म्हणजे अमक्यानं माझ्यासमोर सही केली एवढं सांगणारा. पैशांशी त्याचा संबंध नाही. श्युरिटी म्हणजे जामीनदार. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज देणारा आधी कर्जदाराकडे जाईल, मग आपल्याकडे येईल, ही समजूतही खरी नाही. तो थेट जामीनदाराकडे येऊ शकतो. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून त्यानं घराच्या वरच्या मजल्यासाठी रक्कम ठेवली होती. ती त्या कर्जात गेली. नातेवाईक अजून गावातच राहतो, आणि हवालदार त्याच्याशी बोलत नाही. एका शब्दानं पैसेही गेले आणि नातंही गेलं.

दुसरी जोडी याहून नाजूक. 'नॉमिनी' आणि 'वारस'. आपल्याकडे सरसकट समज असा की नॉमिनी लावला म्हणजे पैसे त्याचे. तसं नाही. नॉमिनी म्हणजे बहुतेक ठिकाणी रक्कम स्वीकारणारा माणूस. ती कोणाच्या वाट्याला जायची ते वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. शेअर्स आणि डिबेंचर यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी, आणि मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर ती रक्कम साधारणपणे त्यांच्याच हक्काची मानली जाते. म्हणजे शब्द तोच, कागद बदलला की वजन बदललं. कुटुंब निवृत्तिवेतन तर आणखी वेगळं. ते नियमांनुसार पात्र व्यक्तीला मिळतं, मृत्युपत्र लिहून ते दुसऱ्याला देता येत नाही. जवान भरती होतो तेव्हा नॉमिनी म्हणून आईचं नाव लिहितो. ते योग्यच. पण लग्नानंतर तो फॉर्म पुन्हा उघडून बघायला हवा. तो तसाच राहिला, तर दुर्दैवी प्रसंगी सासू आणि सून एका कागदाची दोन टोकं धरून उभ्या राहतात. दोघींपैकी कोणीच लबाड नसते. फॉर्ममधल्या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

आता महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी खास. हिंदी आणि मराठीची लिपी एक, बरेच शब्द सारखे, म्हणून आपण बेसावध असतो. मराठीत 'ना हरकत प्रमाणपत्र', हिंदीत त्याच कागदाला 'अनापत्ति प्रमाण पत्र'. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, मराठीत आपत्ती म्हणजे संकट. उलट हिंदीत हरकत म्हणजे हालचाल किंवा आगळीक. भोपाळच्या ऑफिसात 'मेरी कोई हरकत नहीं' असं लिहून दिलंत तर वाचणारा विचारात पडेल. हिंदीतलं 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, आपलं संशोधन म्हणजे नवं शोधणं. 'करार में संशोधन' याचा अर्थ करार बदलला असा आहे. तिथे लगेच सावध व्हा. हिंदीत 'सूचना' म्हणजे माहिती, म्हणूनच २००५ चा माहितीचा अधिकार तिकडे 'सूचना का अधिकार' आहे. मराठीत सूचना म्हणजे काय करावं ते सांगणं. हिंदीतला 'हफ़्ता' म्हणजे आठवडा, आपला हप्ता म्हणजे कर्जाचा. आणि 'राजीनामा' तर फारच जपून. मराठीत नोकरी सोडल्याचं पत्र, हिंदी भागातल्या कोर्टकचेरीत राज़ीनामा म्हणजे दोन्ही पक्षांतली तडजोड.

फौजेत मराठी मुलाला हिंदीत 'अभ्यास' ऐकून पहिल्यांदा पुस्तकं आठवतात. तिथे अभ्यास म्हणजे सराव, पाठीवर वजन घेऊन पळणं. त्याचं उत्तर दोन दिवसांत पायांना कळतं. ऑफिसच्या कागदाचं उत्तर मात्र दोन वर्षांनी कळतं, नोटीस आल्यावर. म्हणून कागद अधिक धोक्याचा.

मग करायचं काय? फौजेतल्या चार सवयी सांगतो, कोणालाही जमतील अशा.

पहिली, ऐकलेला आदेश परत म्हणून दाखवणं. फोनवर ठरलं की लगेच दोन ओळी लिहून पाठवा. 'आपलं असं ठरलं की दोनशे पेट्या, १० ऑगस्टपर्यंत, वाहतूक खर्च तुमचा. बरोबर?' समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत काम पक्कं धरू नका.

दुसरी, तारीख आणि वेळ अशी लिहा की दोन अर्थ निघणारच नाहीत. ५/६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे. महिन्याचं नाव लिहा. 'रात्री १२ वाजता' म्हणजे आजची रात्र की उद्याची? फौजेत त्यासाठी २३५९ किंवा ०००१ लिहितात, एका मिनिटाच्या फरकानं तारीख नक्की होते. 'एक महिना' आणि 'तीस दिवस' हेही एक नाही, फेब्रुवारी आठवा. रकमेचं तर कायद्यानंच सांगून ठेवलंय. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याप्रमाणे चेकवर आकडा आणि अक्षरी रक्कम यांत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरतात. शब्दाला आकड्याहून जास्त मान आहे.

तिसरी, एका कागदात एका गोष्टीला एकच नाव. शाळेत आपल्याला शिकवलं, तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. निबंधात ते ठीक. करारात एकदा 'ग्राहक', एकदा 'खरेदीदार', एकदा 'पक्षकार' लिहिलंत तर वाचणारा तीन माणसं शोधेल.

चौथी सर्वांत महत्त्वाची. अर्थ कळला नाही तर विचारणं. फौजेत आदेश समजला नाही तर 'से अगेन' म्हणण्यात कमीपणा नाही, न समजता निघण्यात आहे. बाहेरच्या जगात उलटं दिसतं. बँकेच्या काउंटरवर, वकिलाच्या टेबलापुढे शिकलेली माणसंही गप्प राहतात. आपल्याला इंग्रजी येत नाही असं समोरच्याला वाटेल म्हणून मान हलवतात आणि सही करतात. अहो, 'या शब्दाचा अर्थ काय, यानं माझ्यावर काय येणार?' हा प्रश्न अज्ञानाचा नाही, शहाणपणाचा आहे. ज्याला तो प्रश्न आवडत नाही, त्याच्या कागदावर सही करू नका.

जाता जाता एक काम देतो. या रविवारी घरातले तीन कागद बाहेर काढा. बँकेचा किंवा विम्याचा नॉमिनीचा फॉर्म, तुम्ही कोणासाठी सही केलेला एखादा कर्जाचा कागद, आणि राहत्या घराचा कागद. प्रत्येकावर तुमच्या नावापुढे कोणता शब्द लिहिलाय तो वाचा. मालक, भाडेकरू, सहकर्जदार, जामीनदार, नॉमिनी, साक्षीदार. अर्थ माहीत नसेल तर जाणकाराला विचारा. आणि घरच्यांना जवळ बसवून तो अर्थ मराठीत सांगा. कारण तो कागद उद्या वाचायची वेळ आली, तर बहुतेक ती त्यांच्यावर येणार आहे.

जय हिंद.